मऊ बर्बन आणि हलकी बर्बन: नावं जवळची, चीज वेगळी

"हलकी बर्बन (मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं की उत्तर हमखास येतं, व्हीटेड म्हणजे गहू घातलेली घे, म्हणजे मेकर्स मार्क घे. मीपण बरीच वर्षं हेच सांगत होतो. मग एकदा एका मित्राला तीच पाजली, त्याला जेवणाआधी एखादा पेग घ्यावा पण जड वाटू नये अशी काहीतरी हवी होती, तर तो दोन घोटांनंतर म्हणाला की चव मस्तय रे, गोडय, पण तोंडात भरून राहते. त्याचं बरोबर होतं, त्याने हलकी मागितली होती आणि मी मऊ दिली होती.

पिठलं आणि सार आठवा. मिरची बेताची घातलेलं घट्ट पिठलं तिखट नसतं पण जड असतंच ना, आणि मिरी घातलेलं टोमॅटोचं सार जिभेला झोंबतं पण असतं पातळ. तिखटपणा वेगळा, दाटपणा वेगळा. बर्बनमधे नेमका हाच घोळ होतो, झोंबत नाही म्हणजे हलकी असं आपण धरून चालतो.

मऊपणा येतो धान्यातून. अमेरिकन कायद्याने बर्बनमधे किमान ५१ टक्के मका लागतो, उरलेल्यात थोडी माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेलं जव) आणि बहुतेक ठिकाणी राय हे गव्हासारखं धान्य. रायमुळेच येतो मिरी-दालचिनीसारखा तो झणका. रायच्या जागी गहू घातला की ती व्हीटेड, झणका जातो आणि मक्याचा गोडवा पुढे येतो. मेकर्स मार्कमधे ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्ली. पण तिची ताकद, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, ४५ टक्के आहे, आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते, ती पिंपात भरतानाच ५५ टक्क्यांवर भरतात. कायदा ६२.५ पर्यंत परवानगी देतो. कमी ताकदीवर भरली की बाटलीत जाताना वरून पाणी कमी घालावं लागतं, म्हणजे पिंपातून जे आलंय ते कमी पातळ होतं. मऊ आहे, पण अंगाने भरलेली आहे. लार्सनी पण व्हीटेडच, ४६ टक्के, आणि तिचीच बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातल्याच ताकदीची, बाटली एकदा चाखून बघा, गव्हाला हलकं म्हणायचं धाडस परत होणार नाही.

हलकेपणाकडे वळू. बर्बन मुळातच हलकी चीज नाही, नवीन, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, त्यामुळे लाकडाचा व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेची चव भरपूर उतरते. तरी ती हलकी करता येते, बाटलीत ४० टक्क्यांवर आणून (याच्या खाली गेली तर बर्बन म्हणता येत नाही), पिंपात फार वर्षं न ठेवून, आणि गार करून गाळून, म्हणजे जे तेलकट घटक तोंडात चिकटतात ते निघून जातात. यात गव्हाचा संबंध कुठेच आला नाही बघा.

बेसिल हेडन हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. जिम बीमवाल्यांनी १९९२ मधे आणली, ४० टक्के, आणि धान्यात राय चक्क २७ टक्के. म्हणजे झणका आहे, पण अंगाने सडपातळ, अगदी ते मिरीचं सार. गंमत म्हणजे धान्याचं हेच प्रमाण ओल्ड ग्रँड-डॅड या बर्बनमधेपण आहे आणि तिची ११४ प्रूफवाली (प्रूफ हे ताकदीचं माप, खाली सांगतो) बाटली ५७ टक्क्यांची, ती एकदम दणकट लागते. एकच धान्य, अंग पूर्ण वेगळं.

पण हलकी आणि तरी पिण्यासारखी अशी मला एकच सांगायची असेल तर मी फोर रोझेसची साधी, ४० टक्केवाली बाटली सांगेन. हलकी करताना बऱ्याच बाटल्या नुसत्या पाणचट होतात, ही होत नाही, कारण त्यांच्याकडे धान्याची दोन प्रमाणं आणि पाच प्रकारचं यीस्ट आहे, म्हणजे दहा वेगवेगळ्या बर्बन बनतात आणि त्यातून ही जुळवली जाते. काही यीस्टमधून फुलांचा वास येतो, काहींमधून फळांचा, त्यामुळे अंग पातळ असलं तरी वास घ्यायला भरपूर काही राहतं. मला नाशपाती आणि मध येतो, तुम्हाला वेगळं येईल. बर्फ घालायचाच तर एकच खडा, जास्त घातला की हा सगळा वास झोपतो.

प्रूफच्या आकड्यात मात्र आपल्याकडे लोक फसतात. अमेरिकन ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के, सरळ निम्मे. आपल्याकडच्या बाटलीवर ७५ डिग्री प्रूफ लिहिलेलं असतं ते जुन्या ब्रिटिश मापाचं, ते ४२.८ टक्के होतं, म्हणजे आकडा लहान दिसला तरी चीज जास्त कडक. त्यामुळे टक्केच वाचा. आणि लेबलवर 'लाइट व्हिस्की' दिसली तर ती बर्बन नाही, अमेरिकेत तो वेगळाच प्रकार आहे, भट्टीतून ८० टक्क्यांच्या वरच्या ताकदीने काढलेली आणि वापरलेल्या किंवा न जाळलेल्या पिंपात ठेवलेली.

परदेशात राहणाऱ्या मंडळींना ओल्ड ग्रँड-डॅडची 'बाँडेड' बाटली मिळत असेल तर अजून एक करून बघा. ती ५० टक्के आहे, ६० मिलीत १५ मिली साधं पाणी घातलं की बरोबर ४० होते. मला ती बेसिल हेडनपेक्षा थोडी भरीव लागते, मिरी तशीच राहते, आणि घरी आलेल्यांपैकी कुणाला जड हवी असेल तर त्याच बाटलीतून बिनपाण्याची देता येते.