पित्ताशयाचा कॅन्सर: नेहमीचा आणि स्मॉल सेल

उजव्या बरगडीखाली 'दुखस' म्हणून धुळ्याला किंवा जळगावला सोनोग्राफी करायची, खडे निघाले की दुर्बिणीतून पित्ताची पिशवी (पित्ताशय) काढून घ्यायची आणि खड्यांची बाटली घेऊन घरी यायचं, हे खानदेशात नेहमीचं. क्वचित त्याच पिशवीत कॅन्सर सापडतो. तो कोणत्या प्रकारचा, हे तेव्हाच विचारून घ्या.

दहापैकी साधारण नऊ वेळा तो अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतो, म्हणजे पित्ताशयाच्या अस्तरातल्या पेशींपासून झालेला. स्मॉल सेल कार्सिनोमा मात्र न्यूरोएंडोक्राइन गटातला, म्हणजे चेतापेशी आणि हार्मोन सोडणाऱ्या पेशी या दोन्हींचे गुण असलेल्या पेशींचा. हा अख्खा गटच शंभरात दोनेक रुग्णांत दिसतो, आणि स्मॉल सेल त्यातला फार वेगाने पसरणारा.

बाहेरून दोघांत फरक कळत नाही. दुखणं, भूक मरणं, वजन उतरणं, पुढे कावीळ, सगळं सारखंच. सीटी स्कॅनवरूनही खात्रीने सांगता येत नाही. कावीळ 'उतरवून' घेण्यात आठवडे घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्मॉल सेल बहुतेकदा कळेपर्यंत यकृतात आणि लसीका ग्रंथींत पोचलेला असतो.

खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या पेशी वेड्यावाकड्या का होईना, नळ्या रचतात. स्मॉल सेलच्या लहान, गडद पेशी बाजरीच्या कणसातल्या दाण्यांसारख्या एकमेकींना चिकटून दाटलेल्या असतात. मग न्यूरोएंडोक्राइन पेशींची ओळख पटवणारी सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन ही प्रथिनं (मार्कर) आणि पेशी किती झपाट्याने वाढताहेत ते सांगणारा केआय-६७ तपासतात. कधी दोन्ही प्रकार एकाच गाठीत असतात, म्हणून एका छोट्या तुकड्यावरचा रिपोर्ट अपुरा पडू शकतो.

एवढा खटाटोप औषधासाठी. पसरलेल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाला जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची औषधं देतात. २०१० पासून हीच जोडी पायाभूत आहे. स्मॉल सेलला फुप्फुसातल्या स्मॉल सेलप्रमाणे इटोपोसाइड आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. त्याने गाठ बऱ्याचदा लवकर आकसते, पण परत उलटण्याची भीती मोठी असते. शस्त्रक्रियेचा उपयोग दोन्हींत रोग वेळेत सापडला तरच.

खड्यांसाठी काढलेली पिशवी पैसे वाचवायला तपासणीविना टाकून देणं मला अजिबात पटत नाही. पॅथॉलॉजीकडे पाठवाच. पुढे मुंबईला टाटामध्ये जायची वेळ आली, तर रिपोर्टच्या कागदाबरोबर मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले पिशवीचे तुकडे) आणि काचेच्या स्लाइडही लॅबमधून मागून घ्या. तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात.