अमानव पात्रांची वाणी (रोलप्लेइंग खेळांतील)

टेबलाभोवती बसून, फासे आणि संवाद यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग (भूमिका वठवण्याच्या) खेळांत ड्वार्फ (दंतकथांतील बुटके), ऑर्क (राक्षसी योद्धे), सरडामानव, परग्रहवासी अशा कल्पित मनुष्येतर पात्रांना बोलण्याची स्वतंत्र लकब देण्याची पद्धत. आवाजाची पट्टी, गती, हेल, शब्दसंग्रह आणि वाक्यरचना ही तिची साधने होत. ही पात्रे बहुतांशी गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, वठवतो. काही खेळाडूंच्या वाट्यालाही येतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाच्या मूळ नियमांत भाषा आहे, वाणी नाही. बोलू शकणाऱ्या प्रत्येक प्राणिवंशाला स्वतःची भाषा असते आणि त्यांतील सुमारे २० टक्क्यांना सामाईक भाषाही येते, असे तेथे म्हटले आहे. सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी या तीन पक्षांनाही स्वतंत्र भाषा दिल्या होत्या. ही काहीशी विचित्र तरतूद पुढे वगळली गेली. कोणाशी बोलता येईल हे या नियमांनी ठरत असे. ते पात्र कसे बोलेल, हे टेबलावरच्या प्रथेवर सोडलेले होते.

या प्रथेतील सर्वाधिक परिचित संकेत म्हणजे ड्वार्फांचा स्कॉटिश हेल. त्याचे मूळ वादग्रस्त आहे. ते ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्कीन यांच्याकडे नेण्याचा कल दिसतो. परंतु टॉल्कीन यांनी ड्वार्फांसाठी रचलेल्या खुझ्दूल भाषेचा साचा व्यंजनप्रधान धातूंचा, म्हणजे सेमिटिक (अरबी, हिब्रू इ.) भाषांच्या वळणाचा आहे आणि तिचा स्कॉटलंडशी संबंध लावता येत नाही. दुसरे मत पॉल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ (नियतकालिकात १९५३, ग्रंथरूपात १९६१) या कादंबरीकडे बोट दाखवते. तीतील हूगी हा ड्वार्फ स्पष्टपणे स्कॉट्स बोली बोलतो आणि गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये दिलेल्या प्रेरणाग्रंथांच्या यादीत ही कादंबरी आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ती यादी गायगॅक्स यांच्या वाचनाचा पुरावा आहे, टेबलावरील उच्चारांचा नव्हे. ‘वॉरक्राफ्ट २’ (१९९५) सारख्या संगणकीय खेळांतून हा हेल दूरवर ऐकू गेला, त्यामुळे बीज आणि प्रसार यांची कारणे बहुधा वेगवेगळी मानावी लागतील.

भाषेला खेळाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय एम. ए. आर. बार्कर यांना द्यावे लागते. उर्दूची पाठ्यपुस्तके रचणाऱ्या या भाषावैज्ञानिकाच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ (१९७५) मधील त्सोल्यानी भाषेत, समोरच्याच्या दर्जानुसार बदलणारी ‘तू’ची कितीतरी रूपे आहेत, तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या वाचकाला त्याचे नवल कमी वाटेल. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या खेळाच्या १९८४ पासूनच्या परग्रहवंशविषयक पुस्तिकांनी फासे टाकून परकीय शब्द घडवण्याची कोष्टके दिली. त्यांतून नावे मिळतात, बोलणे मिळत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१६ मधील एका पूरक ग्रंथात याहून सूक्ष्म मार्ग आढळतो. त्यातील केंकू हे पक्षिमानव फक्त ऐकलेल्या आवाजांची नक्कल करूनच बोलू शकतात. हे बंधन २०२२ मध्ये सैल झाले. सरडामानव रूपके टाळतात, शब्दशः बोलतात आणि ‘मला गार वाटते’ असे न म्हणता ‘हा वारा गारठा आणतो’ अशा धर्तीवर बोलतात. घसा खरवडून काढलेला आवाज तासाभरात ढळतो, तर असा व्याकरणाचा नियम संपूर्ण बैठकीत पाळता येतो. म्हणून प्रस्तुत लेखकाला तो श्रेयस्कर वाटतो. खऱ्या जनसमूहाचा हेल राक्षसाच्या तोंडी घातल्यास त्या समूहाची टिंगल होते, हा आक्षेपही त्यामुळे टळतो.

मराठीत मात्र या युक्त्या जशाच्या तशा उतरत नाहीत. इंग्रजीत ‘मी’ऐवजी वाऱ्याला कर्ता केले की सरडामानवाचे बोलणे परके वाटते. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात कर्ता आधीच थंडी आहे, त्यामुळे सरडामानवाचे परकेपण आणायचे तर ‘मला’ हा अनुभवणाराच काढून टाकावा लागतो. उलट, इंग्रजीतील ‘मी’ लिंग लपवतो, मराठीत ते ‘आलो’ किंवा ‘आले’ यांतून उघड होते. लिंगभेद नसलेल्या प्राण्याच्या तोंडी ‘मी आलं’ हे नपुंसकलिंगी रूप घातले, तर ते कानाला लगेच खटकते, आणि येथे तेच हवे असते.