दात, पाऊल आणि बोट

गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या घरांत बाळ कधी पालथं पडलं, कधी बसलं, पहिला दात कधी आला, हे आजीला तोंडपाठ असतं. वर्षाच्या सुमारास ते हाकेला वळून बघतं का, गाय दिसली की बोट दाखवून आपल्यालाही बघायला लावतं का, हे मात्र कुणी लक्षात ठेवत नाही. असं न होणं ही ऑटिझमची, म्हणजे इतरांशी संवाद साधणं आणि मिसळणं जड जाणाऱ्या अवस्थेची, खूण असू शकते. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं: 'त्याचा बाबाही उशिराच बोलला.'

यात आजीचं फारसं चुकत नाही; शास्त्रालाही हे उशिराच कळलं. येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी १९२५ मध्येच वाढीचे टप्पे वयानुसार मांडले, पण ऑटिझमचं वेगळं वर्णन व्हायला १९४३ उजाडलं. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ते ११ मुलांवरून केलं. पुढे खापर फुटलं आयांवर: आई थंड, मायेने जवळ घेत नाही, म्हणून मूल असं. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी हा दोष मेंदूच्या जडणघडणीत असल्याचं मांडलं. ते स्वतः अशाच मुलाचे वडील. (आपला 'स्वमग्न' हा शब्दही मूल मुद्दाम आत दडून बसल्यासारखा वाटतो. मला 'ऑटिझम'च बरा वाटतो.)

भारतात १९९१ मध्ये तिरुवनंतपुरमहून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांची वाढ तपासण्यासाठी १७ कसोट्यांचा सुटसुटीत तक्ता आला. कायदा मागेच राहिला. १९९५च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. ते १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं.

गोव्याचं नाव या इतिहासात दोनदा ठळकपणे येतं. दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांच्या पाहणीसाठी देशातली पाच ठिकाणं निवडली होती, त्यांत किनारपट्टीचा भाग म्हणून उत्तर गोवा होता. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा वर्षांखालच्या मुलांत ऐकणं, बोलणं, बुद्धी, ऑटिझम अशा सातपैकी निदान एक अडचण असलेली मुलं ठिकाणानुसार शेकडा २.९ ते १८.७ निघाली. त्याआधी, २०१६ मध्ये, गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ ऑटिस्टिक मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद साधायला शिकवलं, आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावं, असा नियम आहे. दोन फेऱ्यांमध्ये सहा महिने जातात. दीड वर्षाच्या मुलाचं तेवढ्यात एक तृतीयांश आयुष्य सरतं.