राधानगरीचे दरवाजे आणि आठवीतली पोरगी

"दोन महिने झाले, पाळीच नाही हो हिला. अंगारा लावा म्हणतात," शेजारच्या वहिनी पोरीसमोरच बोलल्या. पोरगी आठवीत, पहिली पाळी येऊन जेमतेम सहा महिने. मी म्हटलं, आधी धरणाचं ऐका.

राधानगरी भरलं की सातांपैकी कितवा दरवाजा उघडला, हे अख्खं कोल्हापूर विचारतं. ते दरवाजे स्वयंचलित. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात. बीजकोशाचंही, म्हणजे अंडाशयाचंही, बरंचसं असंच. बीजाभोवतीची पुटिका, म्हणजे छोटी पिशवी, वाढताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडते. एरवी ते वाढलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हात आखडता घेते. पण रक्तात ते मिलिलिटरला साधारण 200 पिकोग्रॅमच्या वर दोनेक दिवस टिकलं, तर उलटंच होतं. पिट्युटरी एलएच या संप्रेरकाचा लोंढा सोडते आणि दीडेक दिवसात बीज बाहेर पडतं. मागे उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो, आणि त्याने गर्भाशयाचं अस्तर सावरून धरलं जातं. चौदाएक दिवसांनी पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर गळतं. ही वेळेवरची पाळी.

नवख्या शरीरात हा उलटा प्रतिसाद पक्का झालेला नसतो. दरवाजा अडकतो. बीज नाही, म्हणून पीतपिंड नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉनही नाही. अस्तर नुसतं जाड होत जातं आणि कधीतरी जमेल तसं ढासळतं. पहिल्या वर्षी नेम नसतोच. पुढची दोन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. मात्र एकदा जरी 90 दिवसांच्या वर गेलं, तर डॉक्टरांना दाखवायचं.

यात बाधा कुठं बसवायची? आणि फोनवर 'पीसीओडी' (बीजकोशाचा, पाळी लांबवणारा विकार) 'डिटॉक्स'ची पावडर विकणारे तर अंगाऱ्यापेक्षा महाग! 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओडीचं निदान करू नये, कारण त्या वयात बीजकोशात बऱ्याच पुटिका दिसणं नेहमीचंच.

खरी काळजी रक्ताची. सात दिवसांवर चाललं किंवा तास-दोन तासांत पॅड भिजलं, तर थांबायचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय होता. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्यासाठीच. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी, फक्त वर लगेच चहा नको.

"गोळी घेतेस ना गं?" वहिनींनी विचारलं.

कंपासपेटीतून चार निघाल्या.