रक्तातलं शिसं

‘गुन्हेगारी त्यांच्या रक्तातच असते,’ असं पारध्यांबद्दल आजही सर्रास बोललं जातं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, समज मात्र गेला नाही. हा समज निव्वळ भाकड आहे. पण रक्तात सापडणारी एक गोष्ट माणसाचं वागणं खरोखर बिघडवते आणि ती कुठल्याही जातीची नाही: शिसं.

अमेरिकेत १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत. घरांच्या रंगातही शिसं असे. सिनसिनाटी शहरातल्या जुन्या, गरीब वस्त्यांत १९७९ ते १९८४ दरम्यान जन्मलेल्या मुलांचं रक्त संशोधकांनी लहानपणापासून तपासलं. ती विशीत आल्यावर दिसलं, की लहानपणी ज्यांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटकही जास्त वेळा झाली होती. मेंदूच्या स्कॅनमध्ये कपाळामागच्या भागातला करडा थर त्यांच्यात कमी भरला.

हे घडतं कसं? सगळी गंमत कॅल्शियममध्ये आहे. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जायचा, तर पहिलीच्या टोकाशी कॅल्शियमचे आयन आत शिरावे लागतात. ते शिरले की रसायनाच्या इवल्याशा पिशव्या फुटतात आणि निरोप पोचतो. शिशाच्या आयनावर कॅल्शियमइतकाच विद्युतभार असतो, आकारही जवळपास तेवढाच. त्यामुळे शरीर फसतं. शिसं कॅल्शियमची दारं अडवतं, म्हणून खरा निरोप क्षीण होतो. आत शिरलेलं शिसं पिशव्या अवेळी फोडतं, म्हणून नको तेव्हा कुजबुज चालू राहते. लहान मुलाच्या मेंदूत तर कुठली जोडणी ठेवायची आणि कुठली छाटायची, हे त्या निरोपांवरच ठरत असतं. एनएमडीए नावाचा ग्राही, म्हणजे चेतापेशीवरचा निरोप टिपणारा रेणू, या निवडीत महत्त्वाचा, आणि शिसं नेमका तोही दाबतं. सर्वांत उशिरा, पंचविशीच्या आसपास पक्का होणारा भाग कपाळामागचा, म्हणजे हात उगारण्याआधी ‘थांब’ म्हणणारा. पोटात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर शिसं अधिक शोषलं जातं, म्हणजे उपाशी मुलावर दुहेरी घाव.

तरीही ‘पेट्रोलमधून शिसं काढलं आणि गुन्हेगारी संपली’ असे मथळे खरे मानू नका. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये शिसं गरीब-श्रीमंत सगळ्यांच्याच वाट्याला आलं होतं. तिथे गुन्ह्यांशी संबंध फिकाच दिसला, म्हणजे इतरत्र दिसलेल्या संबंधात गरिबीचाही वाटा असू शकतो. शिवाय अमेरिकेतले हिंसक गुन्हे १९९१च्या सुमारास कळसाला पोचून उतरू लागले, तरी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोनेक लाख असलेले तुरुंगांतले कैदी २००८ पर्यंत सुमारे १६ लाख झाले. ही वाढ मेंदूतून आलेली नाही, ती कायद्यांतून आली: अमली पदार्थांसाठी सक्तीच्या लांब शिक्षा, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप.

शिसं चढलेली बहुतेक मुलं कुणाच्या अंगावर हात टाकत नाहीत. जो टाकतो, त्याने ते केलेलं असतंच आणि मार खाणाऱ्याची जखमही खरीच असते. पण शिक्षा किती, हे ठरवताना ब्रेक कुणी झिजवला, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

न्यायालयात मात्र शिशाचा हा परिणाम सिद्ध करणं फार अवघड. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं. दोन वर्षांचा असताना खिडकीच्या रंगाचे पोपडे खाल्लेला मुलगा विशीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा त्याच्या रक्तात त्या शिशाचा जवळजवळ मागमूसही नसतो. उरलंसुरलं शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडांत आणि दातांत बसलेलं असतं.