शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन: इंटर्नशिपचे पैसे नेमके कोणाला?

"ओजेटी सुरू झाली, आता दहा हजार कधी पडतील?" नागपुरातल्या कॉलेजांत तिसऱ्या वर्षाची पोरं हे हमखास विचारतात. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, पदवीत करावी लागणारी इंटर्नशिप. त्यांचा दोष नाही. राज्य सरकारचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि दोन्हींचा थाट सारखाच: ऑनलाइन अर्ज, आधार, मग बँकेचा मेसेज.

पहिली वाट महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलची, म्हणजे शिष्यवृत्तीची. ती शिकत असलेल्यांसाठी आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींचं पूर्ण. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ताही मिळतो. तिथे मर्यादा २.५ लाख. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, कॉलेजच्या लॉगिनवरून मंजुरी, असा हा प्रवास. इंटर्नशिप केली की नाही, हे इथे कोणी विचारत नाही.

दुसरी वाट विद्यावेतनाची. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. बारावी पास असेल तर महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास हवा. प्रशिक्षण आधी ६ महिन्यांचं होतं, पुढे ११ महिन्यांचं झालं. नोंदणी महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवर होते, हजेरी जिथे प्रशिक्षण चालतं ती आस्थापना कळवते आणि महिन्यात १० दिवस दांडी झाली तर त्या महिन्याचं विद्यावेतन बुडतं. पोरांच्या तोंडी असलेले दहा हजार ते हेच. पण शिक्षण सुरू असलेला उमेदवार या योजनेत बसतच नाही. निकाल हातात घेऊन एम.ए.ला नाव घातलं, तरी अडचण तीच.

(पंतप्रधान इंटर्नशिप योजना केंद्राची, ती यात मिसळू नका. २०२४ च्या तिच्या नियमांतही पूर्णवेळ विद्यार्थी बाहेरच होते. मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्याला मात्र दार उघडं होतं.)

आता या दोन वाटांच्या मधोमध ओजेटी उभी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने ती पदवीच्या अभ्यासक्रमातच आणली. ४ क्रेडिटची असेल तर साधारण १२० तास काम करावं लागतं. शिष्यवृत्ती फी आणि फारतर निर्वाहापुरती, विद्यावेतन शिक्षण संपल्यावर, मग या १२० तासांचा खर्च कोणाचा? गडचिरोलीहून येऊन नागपुरात नंदनवनला रूम करून राहणारी मुलगी शहराबाहेर बुटीबोरीच्या कारखान्यात ओजेटीला जाते, तेव्हा रोजचं जाण्यायेण्याचं भाडं, बाहेरचं जेवण, बुडालेली शिकवणी हे सगळं तिच्या घरच्यांवर येतं. ज्यांना हे झेपत नाही, ते घराजवळच्या दुकानातून शिक्का मारून आणतात आणि शिकायचं ते राहूनच जातं. अभ्यासक्रमात सक्तीचं केलेलं काम गरिबाच्या पोराला परवडलं पाहिजे. राज्याने ओजेटीसाठी निदान प्रवासभत्ता सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. शिष्यवृत्तीच्याच अर्जात तो बसवता येईल, कागद तर तेच लागणार.

तोवर तिसऱ्या वर्षात असाल तर महाडीबीटीचं नूतनीकरण चुकवू नका. ओजेटीची जागा ठरवताना कंपनी स्वतः काही देते का, हे आधीच विचारा आणि लेखी घ्या; काही देतात. महास्वयंची नोंदणी मात्र निकालानंतरची. आणि दोन्ही वाटांना लागू असलेली एक गोष्ट: पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार जोडलं असेल, तर आधी तिथलं पासबुक भरून बघा.