सव्वा गुंठ्याचं समीकरण

कोल्हापूरकडच्या पोरांना गुंठा समजावून सांगावा लागत नाही. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा दहावीचं शाब्दिक उदाहरणही शेतातलंच घेऊ. उसाच्या एका आयताकृती तुकड्याची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे. बाजू किती?

'रुंदी क्ष मीटर मानू' ही ओळ आधी लिहायची. मग लांबी क्ष + ७, आणि समीकरण क्ष(क्ष + ७) = १२०. गाडी घसरते ती इथंच. क्ष = १२० किंवा क्ष + ७ = १२० असं बिनदिक्कत लिहिलं जातं. गुणाकार शून्य असेल तरच दोनपैकी एक अवयव शून्य असतो. १२० ला हा नियम लागू नाही. रुंदी १२० मानली तर लांबी १२७, आणि सव्वा गुंठ्याच्या आतला तुकडा पावणेचार एकरांचा होतो!

म्हणून सगळं डावीकडे आणायचं: क्ष² + ७क्ष − १२० = ०. गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येणाऱ्या संख्या १५ आणि −८. (क्ष + १५)(क्ष − ८) = ०, म्हणून क्ष = −१५ किंवा ८. रुंदी ऋण नसते, म्हणून −१५ सोडायचं; हे कारण उत्तरपत्रिकेत लिहायचंच. रुंदी ८ मीटर, लांबी १५ मीटर.

अवयव सुचले नाहीत तर पूर्ण वर्ग पद्धत आहे, पण त्यात साडेतीनाचा वर्ग मिळवताना अपूर्णांकांत पोरं अडकतात. श्रीधराचार्यांची रीत इथं जास्त सोयीची. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, इथं ४ ने, दोन्ही बाजूंना गुणायचं: ४क्ष² + २८क्ष = ४८०. आता क्ष च्या सहगुणकाचा, म्हणजे ७ चा, वर्ग दोन्हीकडे मिळवा: (२क्ष + ७)² = ५२९. म्हणून २क्ष + ७ = २३ किंवा −२३. तीच दोन उत्तरं, एकही अपूर्णांक न येता. वर्गमूळ घेताना −२३ विसरलात की एक मूळ गेलंच.

ताळा टेपने घेता येतो. ६४ + २२५ = २८९, म्हणून कर्ण १७ मीटर भरला पाहिजे. गवंडी ३-४-५ लावून काटकोन तपासतो, तसंच हे.

भूमितीत बहुतेकांचा घात होतो तो अक्षरांच्या क्रमाने. समलंब चौकोन अबकड घ्या: अब ∥ डक, अब = १२ सेमी, डक = ८ सेमी, कर्ण म मध्ये छेदतात, अक = १५ सेमी. अम किती? कोन बअम आणि कोन डकम व्युत्क्रम कोन. म पाशी विरुद्ध कोन. को-को कसोटीने समरूपता मिळते, पण अ ची जोडी क शी आहे, ड शी नाही. आकृतीत ड हा अ च्या वर दिसतो, डोळा तिकडे ओढला जातो आणि अम/डम लिहिलं जातं. कोणता कोन कोणाएवढा हे आधी मांडा, मग त्रिकोण अमब ~ त्रिकोण कमड. अम/कम = १२/८ = ३/२, म्हणून अम ९ सेमी, कम ६ सेमी.

पुढचा उपप्रश्न हमखास क्षेत्रफळांचा असतो. त्रिकोण अमब ३६ चौरस सेमी असेल तर कमड २४ नाही, १६. कारण क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांचं, ९ : ४.